हवा कुठून निघन?

माझं काम थ्रीडी रेंडरचं. बिल्डरला फ्लॅट बांधायच्या आधीच विकायचा असतो, मग त्याला हॉलमधल्या सोफ्यावर पडलेल्या उन्हाचं चित्र लागतं. ते चित्र प्रतापनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, रात्रभर चालणाऱ्या एका कॉम्प्युटरमध्ये तयार होतं. त्यात रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आहे. पूर्ण ताणावर प्रोसेसर १४२ वॉट खातो, ग्राफिक्स कार्ड ३२०. म्हणजे साधारण ४६० वॉटचा हीटर, तोही नागपूरच्या मे महिन्यात. ते गार ठेवणाऱ्या पंख्यांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू यायला लागला तेव्हा वॉटर कूलिंगचं ठरवलं, म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून उष्णता काढायची.

असा लूप, म्हणजे पाण्याचा बंद फेरा, बांधणारा प्रत्येक जण आधी कागदावर चौकोन आणि बाण काढतो. मीही काढले. रिझर्व्हॉयर (पाण्याची छोटी टाकी), पंप, रॅडिएटर (पंख्याच्या हवेने पाणी गार करणारी जाळी), प्रोसेसर, पुन्हा रॅडिएटर, ग्राफिक्स कार्ड. मग डोकं एकाच ठिकाणी अडकतं: प्रोसेसरचं गरम झालेलं पाणी तसंच ग्राफिक्स कार्डला पाठवायचं का? मध्ये एक रॅडिएटर नको का? यावर लोक तावातावाने भांडतात. मी भांडण्याआधी गणित केलं, कारण ते दहावीच्या विज्ञानाचंच आहे.

एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. माझा पंप डी५ जातीचा. खोक्यावर ताशी १५०० लिटर लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या पाइपातलं. दोन ब्लॉक (प्रोसेसर आणि कार्डावर बसणारे, आतून पाणी जाणारे तांब्याचे ठोकळे), दोन रॅडिएटर आणि वळणं ओलांडून प्रत्यक्षात ताशी २०० लिटरच्या आसपास मिळतात. तेवढ्या प्रवाहात ४६० वॉट ओतले की पाणी सगळ्या लूपमध्ये मिळून तापतं फक्त दोन अंश. त्यात प्रोसेसरचा वाटा साधारण ०.६ अंश आणि कार्डाचा १.४. म्हणजे दोघांच्या मध्ये रॅडिएटर घुसवण्यासाठी केसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत, सगळीकडे नळ्या फिरवायच्या, चार वळणं वाढवायची, आणि कमाई काय, तर जेमतेम अर्धा-एक अंश. माझ्या लूपमध्ये सगळं मिळून लिटरभर पाणी मावतं. ते अठरा-वीस सेकंदांत एक फेरी पुरी करतं. थोड्या वेळाने सगळीकडचं पाणी जवळपास एकाच तापमानाचं होतं.

बाण खोडले. पण मग क्रम कशावरून ठरवायचा?

इथे बाबा आले. बाबांनी नागपुरात हयातभर प्लंबिंगची कंत्राटं घेतली. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘पाणी आधी कोणाकडे जाईन ते सोड. हवा कुठून निघन? आन् खाली कुठून करशीन?’’

माझ्या कागदावर या दोन्हीचं उत्तर नव्हतं, कारण ज्या आकृत्या पाहून तो काढला होता त्यांतही ते नसतं. त्या आकृत्या सपाट असतात. केस उभी असते.

एक नियम मात्र आकृत्यांतही पक्का असतो: रिझर्व्हॉयर पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्या वर. डी५चं बेअरिंग फिरताना त्यातल्या पाण्यावरच वंगण घेतं. कोरडा फिरला तर लवकर खराब होतो. पाणी आपल्या वजनाने पंपात उतरत राहिलं पाहिजे. बाबांना हे सांगावं लागलं नाही, मोटार प्राइम न करता, म्हणजे आधी पाणी न भरता, चालवणाऱ्या घरमालकांवर त्यांनी आयुष्यभर तोंडसुख घेतलंय. दुसरा नियम प्रोसेसरच्या ब्लॉकचा. आत येणारं पाणी एका फटीतून थेट मधल्या बारीक तांब्याच्या पात्यांवर पडावं, अशी त्याची रचना असते. ‘इन’ म्हणजे ‘इन’च. रॅडिएटरला सहसा दिशेचं सोयरसुतक नसतं, बहुतेक ग्राफिक्स ब्लॉकनाही नसतं.

आता हवा. माझी केस लिअन ली ओ११ डायनॅमिक. एक ३६० मिलिमीटरचा रॅडिएटर बाजूला उभा, दुसरा केसच्या छताला आडवा. उभ्याची तोंडं मी खाली ठेवणार होते, नळी आखूड पडते म्हणून. बाबांनी बोट ठेवलं. तोंडं खाली असली की पाणी वर जाऊन परत खाली येतं आणि हवा वरच्या टाकीत बसून राहते. ताशी २०० लिटरच्या प्रवाहाने ती ढकलली जाईलच असं नाही. तोंडं वर केली. नळी वीतभर वाढली, वाढू दे. छतावरचा रॅडिएटर तर रिझर्व्हॉयरच्याही वर आहे, त्यातली हवा आपण होऊन खाली येत नाही. तिथे पंप थोडा-थोडा चालवायचा आणि केस पुढे-मागे कलती करायची, हाच उपाय. केस भरल्यावर चांगली जड होते, तेव्हा हे दोघांचं काम.

खाली करायची जागा पंपाच्या तोंडाशी, सगळ्यांत खाली. टी, तिला बॉल व्हॉल्व्ह, पुढे बूच. पण नुसता खालचा व्हॉल्व्ह उघडून भागत नाही. वरून हवा आत आली नाही तर पाणी तिथेच लटकून राहतं, स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबल्यासारखं. म्हणून छतावरचा रॅडिएटर निवडताना दुसऱ्या टोकाला एक जादा छिद्र असलेला घेतला. बाबा त्याला सरळ ‘व्हेंट’ म्हणतात, चार मजली इमारतीच्या ड्रेनेज लाइनला असतो तोच मान देऊन.

या फिटिंगांना ‘जी १/४’ म्हणतात. बाबांच्या भाषेत पाव इंची. घरातल्या नळाचा आटा त्याच घराण्यातला, फक्त तो अर्धा इंची. त्यांनी लगेच टेफ्लॉन टेप काढली. इथे टेप लागत नाही, आटा सरळ असतो आणि पाणी अडवायचं काम रबरी ओ-रिंग करते. हाताने घट्ट केलं की पुरे, पाना लावला तर अॅक्रिलिकला चीर जायची. ‘‘हातानंच?’’ असं दोनदा विचारून त्यांनी टेप खिशात ठेवली, पण त्यांचा विश्वास बसला होता असं मी म्हणणार नाही. लूपमध्ये अर्धा बार दाबाची हवा भरून दाबमापकाचा काटा हलला नाही, तेव्हा बसला. त्यानंतर एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याच्या, २४ पिनच्या जोडणीत हिरवी तार काळीला जोडून फक्त पंप चालवला. मदरबोर्डला वीज न देता पाणी फिरवायचं असेल तर हेच करतात. खाली टिश्यू पेपर अंथरलेला.

समांतर जोडणीचा विचार फार टिकला नाही. दोन फाटे दिले की पाणी सोप्या वाटेने जास्त जातं, आणि प्रोसेसर ब्लॉकची पाती इतकी जवळ-जवळ असतात की सोपी वाट कुठली हे उघड आहे. सगळं एकामागे एक.

खरी डोकेफोड झाली ती पाण्यापेक्षा हवेच्या क्रमावर. घनमीटरला घनमीटर धरलं तर पाणी हवेच्या सुमारे ३५०० पट उष्णता वाहून नेतं. याचा उलटा अर्थ असा की हवा पटकन तापते. एका रॅडिएटरमधून ताशी १०० घनमीटर हवा जाते असं धरा आणि त्यात ४६०चे अर्धे, २३० वॉट टाका: हवा सात अंशांनी तापून बाहेर पडते. पाण्यात सगळं मिळून दोन अंशांचा खेळ, हवेत एकाच रॅडिएटरला सातचा! बाजूचा रॅडिएटर आत हवा घेणार आणि छतावरचा तीच हवा बाहेर टाकणार, असं ठेवलं तर छतावरच्याच्या वाट्याला तापलेली हवा येते. म्हणून तळाला नुसते तीन पंखे लावले, ताजी हवा आत ओढायला. छतावरच्या रॅडिएटरला मग मिसळलेली, जरा बरी हवा मिळते. यावर कोणी तावातावाने भांडत नाही, पण नागपुरात भांडायला हवं.

नागपूर म्हटलं की कूलर आलाच. शेजारच्या काकांनी विचारलं, ‘‘कूलरचं पाणी कसं गारेगार होते, तसं तुझं काऊन नाही होत?’’ प्रश्न चांगला होता. डेझर्ट कूलरमध्ये पाणी वाळ्यावरून उतरताना वाफ होऊन उडतं आणि उरलेलं पाणी हवेपेक्षा गार होतं. कोराडीच्या वीज केंद्राचे टॉवरही तेच करतात. म्हणून तर त्यांना सतत नवं पाणी लागतं आणि नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी तिकडे जातं. माझा लूप बंद आहे. त्यातलं काही उडत नाही, त्यामुळे पाणी खोलीच्या हवेच्या तापमानाखाली कधीच जाणार नाही. एका अर्थी बरंच आहे. कूलरने खोली दमट होते. पाणी खोलीपेक्षा गार असतं तर ब्लॉकवर दव धरायची भीती राहिली असती. रिझर्व्हॉयरमध्ये बर्फ टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

खोलीचा कूलर मात्र मशीनच्या हिशेबात धरावा लागतो. बाहेर ४५ असताना कूलर लावून खोली ३३ वर येते, आणि रेंडर चालू असताना पाणी ४३-४४ वर स्थिरावतं. पंप साठ अंशांपर्यंतच्या पाण्याला चालतो, म्हणजे अजून जागा आहे. काचेसारख्या पीईटीजी प्लास्टिकच्या नळ्या दिसायला सुंदर, पण त्या साठच्या पुढे नरम पडायला लागतात. कूलर बंद पडलेल्या एखाद्या दुपारी रेंडर चालू राहिलं तर, हा विचार करून काळी ईपीडीएमची रबरी नळी घेतली. आतलं पाणी दिसत नाही. मला पाहायचंही नाही.

पाणी डिस्टिल्ड, त्यात गंज रोखणारं द्रावण. आपल्या नळाच्या पाण्याने कूलरच्या वाळ्यावर जो पांढरा थर चढतो, तोच त्या पात्यांच्या फटीत चढला तर ब्लॉक संपला. अॅल्युमिनियमचा रॅडिएटर स्वस्त मिळत होता, पण दोन्ही ब्लॉक तांब्याचे, आणि हे दोन धातू एकाच पाण्यात नकोत. यावर बाबांनीच मान हलवली. जीआय पाइपाला तांबं जोडलं की काय होतं ते त्यांनी भिंती फोडून पाहिलंय.

शेवटी क्रम असा बसला: रिझर्व्हॉयर, पंप, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, छतावरचा रॅडिएटर, बाजूचा रॅडिएटर, परत रिझर्व्हॉयर. यामागे कुठलाही सिद्धांत नाही. नळ्या आखूड, एकमेकींना न ओलांडणाऱ्या आणि रॅम काढायला हात जाईल अशा. बाबांची एक मागणी अजून बाकी आहे, कार्डाच्या दोन्ही बाजूंना युनियन टाकायची, म्हणजे कार्ड काढायला सगळं पाणी सोडावं लागणार नाही. या धंद्यात त्याला क्विक डिस्कनेक्ट म्हणतात. महाग असतात आणि प्रवाह थोडा अडवतात. दोन अंशांचं गणित पाहता प्रवाहाची काळजी नाही. पुढच्या वेळी पाणी बदलताना टाकीन.