बोकड कुणाचा, वार कुणी उचलली?

"मॅडम, शेळी गाभडली. वार पडत नाही, एक इंजेक्शन द्या."

माण तालुक्यात जनावरांची डॉक्टर म्हणून काम करताना हे वाक्य वरचेवर कानावर येतं. मी इंजेक्शनच्या आधी विचारते, कितवा महिना होता? शेळी पाच महिन्यांनी विते. चौथ्या महिन्यात किंवा त्यानंतर गाभ टाकला, वार (गर्भाभोवतीचं आवरण, जे विल्यावर बाहेर पडतं) अडकली आणि त्याच गोठ्यात आणखी एकीनं तेच केलं, की माझ्या मनात ब्रुसेलोसिस येतो, जनावरांकडून माणसालाही होणारा जंतूंचा रोग. गाभडण्याची कारणं इतरही असतात; दुसऱ्या शेळीची धडकसुद्धा पुरते. म्हणून रक्त घ्यायचं. सीरमचा, म्हणजे रक्तातून वेगळ्या केलेल्या पाण्याचा एक थेंब, मेलेल्या जंतूंच्या गुलाबी द्रावाचा (अँटिजेनचा) एक थेंब, आणि चार मिनिटं प्लेट हलवत राहायचं. थेंबात दाणे धरले, तर संशय पक्का, मग पुढची तपासणी.

तेवढ्या वेळात मी माझे खरे प्रश्न विचारून घेते. बोकड कुणाचा? शेळी कुठून आणली? वार कुणी उचलली, कुठे टाकली?

शेळी बहुतेकदा बाजारातून आलेली असते. आपल्याकडे बाजारात दात बघतात, कास चाचपतात, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. आधी गाभडली होती का, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी विकणारा कशाला सांगेल? गाभडलेली शेळी विकून टाकणं हा तर सर्रास उपाय. शिवाय हा रोग फसवा आहे. एकदा गाभ टाकलेली शेळी पुढच्या वेताला बऱ्याचदा नीट विते, मालक निर्धास्त होतो, आणि तिच्या दुधातून, विताना पडणाऱ्या पाण्यातून, वारेतून जंतू बाहेर पडतच राहतो. माल्टा बेटावर ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूसनं 1887 मध्ये तापानं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. तिथल्याच थेमिस्टोक्लीस झामित या डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्यांतच तो सापडला. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्यानं उतरला.

गावात एकच चांगला बोकड असतो आणि सगळ्यांच्या शेळ्या त्याच्याकडे जातात. वीर्यातून जंतू जातोच, पण चार घरच्या शेळ्या त्या निमित्तानं एका दावणीला येतात, हेही आहेच. मेंढपाळांचं गणित आणखी अवघड. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे कुटुंबासह फिरते तळ, घाटाखाली उतरतात, एका पाण्यावर तीन कळप येतात. मेंढरांत चहाच्या दुधापुरत्या चार शेळ्या असतात. मेंढी मेली की कोकरू त्याच शेळीला लावतात. सगळं व्यवहाराला धरून आहे, आणि जंतूलाही तेच हवं असतं.

वार मात्र सगळ्यांत वाईट. जंतूंचा साठा तिथेच. मी सांगते, हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी चढवा, खोल खड्डा, वरून चुना. एका मेंढपाळ आजोबांनी मला विचारलं, "ताई, लोकाच्या रानात बसलोय, रोज कुठं खड्डा खणू? खाली मुरूम हाय." खरं आहे. मग वार कुत्रं ओढून नेतं आणि ती रानभर होते. कडक उन्हात जंतू लवकर मरतो. गोठ्याच्या ओल्या, अंधाऱ्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने टिकतो.

वार बहुधा घरातली बाई हातानं ओढते. काही आठवड्यांनी तिला संध्याकाळचा ताप, रात्री घाम, कंबर धरलेली. टायफॉइड म्हणून औषधं होतात, ताप जातो, परत येतो. खरा उपचार दोन औषधांचा, निदान सहा आठवड्यांचा. डॉक्टरला "घरी शेळ्या आहेत" एवढं सांगितलं तरी अर्धं काम होतं. आणि डेंगीच्या साथीत प्लेटलेट वाढवायला शेळीचं कच्चं दूध शोधत फिरणाऱ्या शहरातल्या पाहुण्यांना मी हात जोडते. उकळा हो!

लसीचं विचारतात. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आहे, शेळ्या-मेंढ्यांना नाही. बाधित शेळीवर औषधाचा भरवसा नसतो. ती कळपातून काढावी लागते, आणि बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नसते. तीनच शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला हे सांगताना माझा आवाज खाली येतो.

सध्या आमच्या शेजारच्या वस्तीवर बाजारातून नवा उस्मानाबादी बोकड आलाय. पहिली चाचणी चांगली आली, तरी वेगळा बांधायला लावलाय, महिन्यानं पुन्हा रक्त घेणार. मालकाचा रोज फोन: "मॅडम, आज सोडू का? लोकं शेळ्या घेऊन दारात हुबी हायत."