बीव्हर क्रीकच्या अलीकडचा चिखल

कॅनडातून गाडीने अलास्काला निघालो होतो. एडमंटनहून डॉसन क्रीक, तिथून व्हाइटहॉर्स. इथवर सांगण्यासारखं काही नाही. रस्ता इतका चांगला की पिकअपच्या मागे चोवीस फुटी ट्रेलर आहे हेच विसरायला होतं.

डिस्ट्रक्शन बे सोडलं की अलास्का हायवे रंग दाखवायला लागतो. 1942 साली अमेरिकी सैन्याने घाईने काढलेला हा रस्ता. जमिनीखालचा गोठलेला थर, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, वितळला की वरचं सगळं खचतं. मग उन्हाळा आला की दुरुस्ती, कारण हिवाळ्यात काम होत नाही. हे कळतं. पण सकाळपासून पाऊस पडत असताना वर पाण्याचा टँकर कशाला फिरवायचा? 'स्टॉप'ची पाटी धरून उभ्या मुलीला विचारलं. म्हणाली, "खडी-माती दाबून बसवायला पाणी लागतं." मी आकाशाकडे बघितलं. तिनेही बघितलं.

पायलट कार, म्हणजे कामाच्या पट्ट्यातून गाड्यांची रांग मागे घेऊन नेणारी गाडी, वीस मिनिटांत येणार होती. लागले एक तास दहा मिनिटं. फोनला रेंज नाही. सासूबाईंना बाथरूमला जायचं होतं. ते मागे ट्रेलरमध्येच आहे, पण तिथवरच्या पंधरा पावलांत त्यांची एक चप्पल चिखलातच राहिली. त्या चिपळूणच्या. "अगो, ही तर चिखलणी केल्येय! आता आवणच लावायचं बाकी," म्हणाल्या. आवण म्हणजे भाताची रोपं.

त्या वाट बघण्यात एक काम मात्र करून घ्या, जे आम्ही केलं नाही. ट्रेलरच्या वायरचा सात पिनांचा प्लग चिकटपट्टीने गच्च बांधा. घर्षणावर चालणारा स्वे बार, म्हणजे ट्रेलरचं हेलकावणं रोखणारा दांडा, असेल तर निसरड्यावर तो काढून ठेवायचा, हे नवऱ्याला आठवलं, प्लगचं नाही. पायलट कारमागे निघून दहा मिनिटं झाली असतील, डॅशबोर्ड किंचाळला: ट्रेलरचं कनेक्शन गेलं. म्हणजे ट्रेलरचे ब्रेक गेले. रांगेत थांबायची सोय नाही, आणि मागचं वजन आम्हालाच पुढे ढकलणार. नवऱ्याने खालचा गिअर टाकला, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर सोडलं आणि ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही. चढावर चाकं फिरायला लागली तेव्हा मी "थांब" म्हणाले. तो थांबला नाही, हे बरं झालं. तिथे थांबलो असतो तर पुन्हा हललो नसतो.

डांबर लागल्यावर उतरून बघितलं. प्लग अर्धा निघालेला, आत चिखल ठासून भरलेला. जुन्या टूथब्रशने साफ केला, कोरडा पुसला, चालू.

चिखल आत जाऊ नये म्हणून ट्रेलरमधल्या फ्रिजच्या बाहेरच्या जाळीवरही पट्टी लावता येते. मात्र फ्रिज बंद करूनच, आणि गॅसवर परत सुरू करण्याआधी ती न विसरता काढायची.

दुसरी चूक बीव्हर क्रीकला, सीमेअलीकडच्या शेवटच्या गावात. थकलो होतो, सकाळी धुऊ म्हटलं. या मातीत धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात. सकाळी तिचं सिमेंट झालं होतं. वर ते लोखंडही खातं. त्याच रात्री बादलीभर पाणी तरी मारायला हवं होतं. मागचे दिवे दिसेनात आणि सीमेवर तसं जायचं नव्हतं. सासूबाईंनी पोळ्यांचं उलथनं आणलं आणि दोन्ही दिवे खरवडून मोकळे केले. बाकीचं सीमेपलीकडे, अलास्कातल्या टोक नावाच्या गावात प्रेशर वॉशरने निघालं, तेही नवरा अमेरिकी नाणी शोधून आणल्यावर. मशीन आमची कॅनडाची घेईना.

ते उलथनं आता टूलबॉक्समध्ये असतं.