वर्गणी, क्लॅरिनेट आणि मोठं पातेलं

आमच्या गावच्या हॉलच्या दाराशी पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांची नावं कोरलेली आहेत. हॉल बांधला तोच त्यांच्या स्मरणार्थ. इंग्लंडच्या खेड्यांत असे हॉल जागोजागी दिसतात. सॉमरसेटमधलं हे गाव तसं लहानच: चर्च, पब आणि दिवसातून मोजक्या वेळा येणारी बस. बारशापासून ग्रामसभेपर्यंत सगळं त्या हॉलमध्येच होतं.

तिथेच जॅझची रात्र होते. विजेचे माइक नाहीत, वाजवणारे बहुतेक सत्तरीचे आणि गाणी १९२०-३०च्या काळातली. बँजो, ट्रॉम्बोन, आणि एक आजी तर बोटांत अंगुस्तानं घालून कपडे घासायच्या पत्र्याच्या फळीवर असा काही ठेका धरतात की बसवत नाही. क्लॅरिनेटवर इथल्या लोकांचा फार जीव. प्रसिद्ध क्लॅरिनेटवादक ॲकर बिल्क जवळच्या पेन्सफर्डचे ना! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मात्र सी. रामचंद्र आठवले. गोव्याच्या चिक चॉकलेटसारखे जॅझवाले सोबतीला घेऊन अण्णांनी हीच लय ‘अलबेला’त आणली आणि भगवानदादांनी अख्खा देश नाचवला. परक्या गावात मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते त्या रात्री.

सिरियन कुटुंबासाठी वर्गणी जमली तीही अशाच रात्रींतून. ब्रिटनमध्ये २०१६ साली ‘कम्युनिटी स्पॉन्सरशिप’ नावाची योजना सुरू झाली. गावकऱ्यांनी गट करून एका निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घ्यायची. आम्हाला ९,००० पौंड उभे करायचे होते, दोन वर्षांसाठी घर शोधायचं होतं आणि कौन्सिलची संमती मिळवायची होती. घर मिळता मिळेना, त्यातच कित्येक महिने गेले. पैसे त्या मानाने लवकर जमले: तिकिटं, केक, लकी ड्रॉ.

कुटुंब आलं, आई-वडील आणि तीन मुलं. मग डॉक्टरकडे नाव नोंदवणं, बँकेचं खातं, मुलांची शाळा, मोठ्यांचे इंग्रजीचे वर्ग. बसचा भरवसा नसल्यामुळे कोणी कधी गाडी काढायची याचा तक्ताच केला होता. मंगळवार माझा.

घर आम्ही हौसेने लावलं होतं. पडदे, केटल, चहाच्या पिशव्या, सगळं आमच्या पसंतीचं. पुढच्या मंगळवारी गेले तर त्या बाईंनी स्वयंपाकघर नव्याने लावलेलं. बरं वाटलं मला. मदत करणाऱ्यांनी दार उघडून द्यावं, आत काय कुठे ठेवायचं ते घरच्या बाईला ठरवू द्यावं. त्यांनी आमची दोन चिमुकली भांडी दाखवली आणि दोन्ही हात पसरून माप सांगितलं. भाषेची गरजच पडली नाही. पुण्याहून आणलेलं माझं मोठं पातेलं माळ्यावर पडून होतं, ते नेऊन दिलं.

चार दिवसांनी थोरल्या मुलाने ते परत आणलं. झाकण काढलं तर आत वाफाळता भात, तुपात परतलेल्या शेवया घातलेला. भांडं रिकामं परत करू नये हे माझ्या आजीने मला शिकवलं, तसं त्याच्या आजीने त्याच्या आईला शिकवलं असणार. मी भात काढून घेतला, पातेलं घासलं आणि तळाशी ओंजळभर शेंगदाण्याचे लाडू ठेवून त्याच्याच हाती परत पाठवलं.

गेल्या शनिवारी जॅझच्या रात्री ते हॉलमधल्या टेबलावर होतं. काठोकाठ भरलेलं, आणि समोर पबपर्यंत रांग.