जुन्या पीसीवरचा खर्च कुठे थांबवायचा : माझा अनुभव

मशीन असं होतं: इंटेलचा सहाव्या पिढीतला कोअर आय५-६५००, म्हणजे चार कोअर, चार थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामं). एच११० मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. काम ब्राउझरचं, रॉ फोटो संपादनाचं आणि अधूनमधून व्हिडिओ कापण्या-जोडण्याचं. यातच भर घालायची की नवं मशीन जोडायचं, हे ठरवताना मी एकच कसोटी लावली. आज घेतलेला भाग पुढच्या मशीनमध्ये नेता येणार असेल तर जुन्यावर खर्च करायला हरकत नाही. जुन्या मदरबोर्डबरोबरच ज्याचा उपयोग संपतो, त्यावर नवीन पैसे घालायचे नाहीत.

खरेदीआधी मोजमाप. टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स विभाग उघडा ठेवून रोजचंच काम करायचं. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि सीपीयू वीस-तीस टक्क्यांत रेंगाळतोय, तर दोष प्रोसेसरचा नाही. मेमरीत ‘कमिटेड’चा (प्रोग्रामांनी मागितलेल्या एकूण मेमरीचा) आकडा बसवलेल्या रॅमच्या सतत पुढे असेल तर रॅम कमी पडते आहे आणि विंडोज रॅमऐवजी डिस्कवरच्या पेजफाइलवर भागवतंय. सीपीयूचा एकूण आकडा मात्र फसवतो. चार कोअरपैकी एकच पूर्ण भरला तरी एकूण २५ टक्केच दिसतात. म्हणून आलेखावर राइट-क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसर वेगळा पाहायचा. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तापमान आणि क्लॉकही (प्रोसेसरचा वेग) बघून घ्यायचे. भार असताना तापमान नव्वदीच्या पुढे आणि क्लॉक बेसच्या (कंपनीने ठरवलेल्या मूळ वेगाच्या), म्हणजे इथे ३.२ गिगाहर्ट्झच्या खाली, असं दिसलं तर आधी कूलरमधली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलायची. त्यावर मशीन सुधारलं तर बाकीची चर्चा तूर्त पुढे ढकलता येते.

हार्ड डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने तपासली. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या: बदली दिलेले, प्रलंबित आणि वाचता न येणारे सेक्टर. यातला एखादा आकडा वाढत असेल तर अपग्रेडचा विचार बाजूला ठेवून आधी बॅकअप.

माझ्या मोजमापात पहिला दोषी हार्ड डिस्क निघाली, आणि त्यात नवल नाही. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. म्हणजे सरासरी निम्मा फेरा वाट पाहण्यातच जातो, वर हेड सरकण्याचा वेळ वेगळा. विखुरलेल्या छोट्या फाइल वाचताना सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचनं होतात. साधा साटा एसएसडी (साटा केबलने जोडायचा, फिरती तबकडी नसलेला ड्राइव्ह) हेच काम हजारोंच्या हिशेबात करतो. या बोर्डावर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) नव्हता, त्यामुळे २.५ इंची साटा एसएसडी घेतला. त्याचा सलग वेग ५५० एमबी प्रतिसेकंदाच्या आसपास अडतो, कारण साटाची मर्यादाच तेवढी. रोजच्या वापरात त्याने फारसं बिघडत नाही. बोर्डावर एम.२ असेल तर तो एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणी) आहे की फक्त साटा, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच घ्यावं. दोन्हींचा आकार सारखाच असतो. काही बोर्डांवर एम.२ भरला की साटाचं एखादं पोर्ट बंद पडतं, आणि मग डीव्हीडी ड्राइव्ह का दिसत नाही याचा शोध सुरू होतो.

एसएसडी कसोटीला उतरला, तो पुढेही चालणार होता. रॅमचं तसं नव्हतं. डीडीआर४ नव्या एएम५ बोर्डात (एएमडीच्या नव्या सॉकेटचा, डीडीआर५ लागणारा बोर्ड) बसतच नाही. दोन्हींची खाच वेगळ्या जागी आहे आणि व्होल्टेजही वेगळं. तरीही मी ८ जीबीची दुसरी स्टिक घातली, पण वापरलेली. कारण क्षमतेपेक्षा चॅनलचं होतं. एकच स्टिक असली की मेमरी सिंगल चॅनलवर (एकाच डेटामार्गावर) चालते आणि बँडविड्थ निम्मीच मिळते. जुन्या स्टिकशी वेग जुळतो का एवढंच पाहिलं. हा प्रोसेसर डीडीआर४ अधिकृतपणे २१३३ पर्यंतच चालवतो, महागडी ३२०० ची स्टिकही त्यात २१३३ वरच धावते.

एवढ्यावर ब्राउझर आणि फोटोंचं काम सुसह्य झालं. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना चारही कोअर शंभरावर जात होते, आणि खरा निर्णय इथे होता.

याच सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) आय७-७७०० चढतो. चार कोअर, आठ थ्रेड. एच११० ला त्यासाठी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट पुरतं. वापरलेला सहज मिळतो आणि मोह होतोच. तो दोन कारणांनी सोडला. आठव्या-नवव्या पिढीचे सहा-आठ कोअरवाले प्रोसेसरही याच एलजीए११५१ सॉकेटचे आहेत, पण त्यांना एच११० ऐवजी ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डाची मुख्य नियंत्रक चिप) लागतो. पिनांची संख्या सारखी असली तरी जोडणी वेगळी. म्हणजे आय७-७७०० ही या बोर्डाची जवळपास शेवटची पायरी. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची सुरुवात आठव्या पिढीपासून होते, एएमडीची रायझन २००० पासून. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) बायोसमध्ये पीटीटी नावाने सुरू करता येतं, पण प्रोसेसर यादीत नसेल तर त्याने अट पूर्ण होत नाही. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदींतून) अट टाळून विंडोज ११ बसतं खरं, मात्र पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कामाच्या मशीनवर मला ते नको होतं.

एएम४ (एएमडीचं आधीचं सॉकेट) वाल्यांनी इथे माझं अनुकरण करू नये. बी३५० किंवा बी४५० बोर्डावर पहिल्या-दुसऱ्या पिढीचा रायझन असेल तर हिशेब अगदी उलटा होतो. त्याच बोर्डावर रायझन ५ ५६००, आठ कोअरचा ५७००एक्स किंवा गेमिंगसाठी ५८००एक्स३डी चढतो, डीडीआर४ तीच राहते आणि विंडोज ११ ची अडचणही मिटते. फक्त क्रम पाळायचा. जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच बायोस अपडेट करायचं, मगच नवा बसवायचा. नाहीतर स्क्रीन काळीच राहते. बी३५० साठी बोर्ड कंपनीच्या प्रोसेसर यादीत आपलं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती शोधून घ्यावी. २०२५ च्या अखेरीपासून रॅम ज्या वेगाने महागली आहे, ते पाहता हातात असलेली डीडीआर४ हे थांबण्याचं मोठं कारण ठरू शकतं.

माझ्याकडे ती वाट नव्हती, म्हणून नवी जोडणी: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५-६००० च्या १६ जीबीच्या दोन स्टिक आणि १ टीबी एनव्हीएमई. स्टिक दोनच घेतल्या. एएम५ वर चार स्टिक लावल्या की मेमरीचा वेग बराच खाली आणावा लागतो, त्यामुळे ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत इथे नीट चालत नाही. जुन्यातून आले ग्राफिक्स कार्ड, साटा एसएसडी आणि कॅबिनेट.

एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मात्र नवा घेतला, आणि काटकसर करणाऱ्यांना हे सहसा पटत नाही. विजेचा हिशेब छोटा आहे: ७६०० ची कमाल मर्यादा ८८ वॉट, जीटीएक्स १६५० साधारण ७५, बाकी सगळं मिळून पन्नास. ५५० वॉट भरपूर होतात. प्रश्न वॉटचा नसून आतल्या कपॅसिटरच्या वयाचा आहे. वॉरंटी संपलेला एसएमपीएस नव्या बोर्डाला जोडण्यात शहाणपण नाही. आणि मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) असेल तर जुन्या केबल नव्याला लावायच्या नाहीत, कनेक्टर बसला तरीही. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही, वेगळी असते. चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह जळतात.

ब्रँडेड तयार पीसी असेल तर कॅबिनेट आणि एसएमपीएस पुढे नेण्याचा विचार मोजूनच करावा. त्यात बोर्डाचा आकार आणि पॉवर कनेक्टर बऱ्याचदा कंपनीचे स्वतःचे असतात.

जोडणीत अडणाऱ्या जागा थोड्याच. एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये आहेत, त्यामुळे प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, सरकवायचा नाही. सोबतचा कूलर स्क्रूचा आहे; बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढायच्या, मागची प्लेट तशीच ठेवायची. स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळायचे. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. सीपीयूची ८ पिन केबल कूलरआधी ओवून घेतली तर बोटं सोलवटत नाहीत. पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. बोर्ड डीडीआर५ चं ट्रेनिंग (रॅमशी जुळवणी) करत असतो, बिघाड समजून बटण दाबायचं नाही. नंतर बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिचा ठरलेला वेग देणारी सेटिंग) सुरू केलं नाही तर ६००० ची रॅम कमी वेगावरच पडून राहते.

जुना साटा एसएसडी एमबीआर पद्धतीचा (ड्राइव्हचे भाग पाडायची जुनी पद्धत) होता. नव्या बोर्डावर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सेटिंग) बंद असतं, त्यामुळे तो बूटच्या यादीत येत नाही. डेटा ड्राइव्ह म्हणून मात्र व्यवस्थित दिसतो. एनव्हीएमईवर विंडोज नव्याने टाकलं, तेही साटा ड्राइव्हची केबल काढून. दोन ड्राइव्ह जोडलेले असले की सेटअप कधीकधी बूटची छोटी पार्टिशन दुसऱ्याच ड्राइव्हवर टाकतं आणि तो ड्राइव्ह काढला की मशीन उठत नाही. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) सुरू असेल तर रिकव्हरी की आधीच बाहेर उतरवून ठेवावी. लायसन्सचंही आधी पाहावं: ओईएम (मशीनबरोबर आलेलं) लायसन्स जुन्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) नव्यावर नेता येतं. रिटेल असेल तर जुनं मशीन चालू असतानाच ते मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडावं.

उरलेल्या आय५ वर आता लिनक्स आहे. ग्राफिक्स कार्ड गेलं तरी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर मॉनिटर चालतो, १६ जीबी रॅम त्याला पुरून उरते, आणि हार्ड डिस्क घरच्या बॅकअपसाठी लागली. बोर्डावरची सीआर२०३२ बटण बॅटरी तेवढी बदलली. ती उतरली की बंद करून ठेवलेल्या मशीनचं घड्याळ आणि बायोसमधली सेटिंग मूळ पदावर जातात.