दिवा लागला नव्हता

टायरमधली हवा कमी झाली की स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागतो. तो वेळेवर लागतो की नाही हे तपासणं हा माझा धंदा. आधी चाकणला करायचे, आता जर्मनीत ड्रेस्डेनला राहून करते. लोकांना वाटतं टेस्टिंग म्हणजे दिवसभर सुसाट गाडी पळवायची. निम्मा दिवस टायर थंड होण्याची वाट बघण्यात जातो, कारण सुरुवातीचं प्रेशर थंड टायरवरच भरावं-मोजावं लागतं.

युरोपचा नियम सरळ आहे. प्रेशर 20 टक्क्यांनी घटलं की दिवा लागलाच पाहिजे. एक चाक पंक्चर असेल तर 10 मिनिटांत, चारही चाकांतून हळूहळू हवा जात असेल तर 60 मिनिटांत. पण या चाचण्या रोजच्या रस्त्याच्या वेगात होतात. ताशी 200 किलोमीटरच्या वर काय होतं हे नियम विचारत नाही. ते आम्ही ग्राहक कंपनीच्या आग्रहाखातर करतो, आणि त्यासाठी अधूनमधून लाउझिट्सरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर स्लॉट, म्हणजे ठरावीक वेळ, घेतो.

हा ट्रॅक ड्रेस्डेन-बर्लिन महामार्गाला लागूनच आहे. तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणी बुजवल्यावर त्या जमिनीवर बांधलेला, 2000 साली सुरू झालेला. गर्दी खेचेल म्हणून प्रचंड स्टँड उभारले, तेवढी गर्दी काही टिकली नाही. आता तिथे मुख्यतः आमच्यासारखे लोक येतात, लॅपटॉप घेऊन.

त्या दिवशी गळतीची चाचणी नव्हतीच. टायरच्या आत बसवलेले प्रेशर मोजणारे सेन्सर वेगात नीट सिग्नल देतात का, एवढंच बघायचं होतं. थंड टायरमध्ये 2.5 बार, म्हणजे आपल्या पंपावरच्या भाषेत 36 पीएसआय. ड्रायव्हर मुरलेला, या कामात केस पांढरे झालेला. मी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, स्क्रीनसमोर. सरळ पट्ट्यावर 200 च्या वर फेऱ्या चालू होत्या आणि डावं मागचं चाक 2.6 बार दाखवत होतं.

2.5 वरून 2.6, म्हणजे वाढलंच की. दिवा लागायचं कारणच नाही. पण शेजारच्या रकान्यात आतल्या हवेचं तापमान 55 अंश होतं. सकाळी हवा भरली तेव्हा ते 20 होतं. एवढं तापल्यावर प्रेशर 2.9 च्या पुढे जायला हवं, आणि बाकीची तीन चाकं तिथेच होती. म्हणजे या चाकातून हवा जात होती आणि उष्णता तो तोटा भरून काढत होती. वरून सगळं आलबेल.

रेडिओवर विचारलं, डावं मागचं कसं वाटतंय? "मस्त. काहीच नाही." पुढच्या फेरीत 2.55. मी म्हटलं, वेग कमी करत आत या, जोरात ब्रेक मारू नका. तो वैतागला, हे आवाजावरून कळलं, पण आला.

पुढचा भाग मला अजून आवडतो. चाक काढलं, व्हॉल्व्हवर, रिमच्या कडेवर, रस्त्याला टेकणाऱ्या सगळ्या नक्षीवर साबणाचं पाणी ओतलं. एक बुडबुडा नाही. पाण्यात बुडवलं, तरी नाही. पण थंड झाल्यावर प्रेशर मोजलं तर 2.2. हवा गेली होती हे नक्की, आणि आता जात नव्हती हेही नक्की. चाक फिरत असतानाच गळत होतं.

आमचा सेन्सर रबरी व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला बसतो, वजन 30 ग्रॅम. ताशी 200 ला तिथे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 600 पट बल बाहेरच्या दिशेला ओढत असतं. म्हणजे ते 30 ग्रॅम 18 किलोंसारखे वागतात. व्हॉल्व्हला आतून कुणी अठरा किलोचा धोंडा बांधून लोंबकळावं तसं. रबराची कड रिमच्या भोकात किंचित कलते, फट पडते, हवा जाते. वेग उतरला की रबर परत जागेवर. रबरी व्हॉल्व्ह साधारण 210 च्या वर वापरूच नयेत, तिथे धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह लागतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही मर्यादेच्या आतच होतो, जेमतेम. खरेदी विभागाला या 'जेमतेम'मध्ये पैसे वाचताना दिसतात.

साबणाचं भांडं बाजूला ठेवताना आमचा जर्मन मेकॅनिक म्हणाला, "मिकेलेचंही डावं मागचंच होतं." तो जवळच्याच गावचा, वडील कोळशाच्या खाणीत होते. जास्त बोलणारा नाही. मी विचारलं, कोण मिकेले? तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी या ट्रॅकवर चुकून आले होते.

मिकेले अल्बोरेतो. मिलानचा, 1956 चा जन्म. रात्री घरी येऊन त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत बसले. नाव फॉर्म्युला वनमुळे झालं: 194 शर्यती, 5 विजय, त्यातले शेवटचे तीन फेरारीतून. फेरारीने कित्येक वर्षांनी पुन्हा इटालियन ड्रायव्हर घेतला तो हा. 1985 मध्ये विजेतेपदासाठी फ्रान्सच्या अलाँ प्रॉस्टशी त्याची बरोबरीची झुंज होती. ऑगस्टमध्ये नुर्बुर्गरिंगला जिंकला, आणि हंगामाच्या शेवटच्या पाच शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. गाडी पुन्हापुन्हा मोडत राहिली. हे वाचून एका इंजिनिअरला काय वाटतं ते सांगायला नको. लोक म्हणतात तो 'दुसरा आला'. माझ्या मते त्याला गाडीने दुसरा आणलं.

पण मला जास्त रस वाटला तो त्याच्या दुसऱ्या कारकिर्दीत. तरुणपणीही त्याने लँचिया या इटालियन कंपनीच्या गाड्यांतून लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकल्या होत्या, आणि फॉर्म्युला वन संपल्यावर तो तिकडेच परतला. या शर्यतींत एक गाडी दोघे-तिघे आळीपाळीने चालवतात. आपण किती वेगात गेलो याइतकंच, पुढच्याच्या हातात गाडी कशी दिली यालाही महत्त्व. 1997 ला त्याने फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली, स्टेफान योहान्सन आणि टॉम क्रिस्टेन्सन यांच्यासोबत. गाडी योस्ट संघाची पोर्शे, आदल्या वर्षी ल मान्स जिंकलेल्या गाडीचीच चेसिस, म्हणजे तोच सांगाडा. क्रिस्टेन्सनची ती पहिली ल मान्स. पुढे त्याने एकूण नऊ जिंकल्या. मग अल्बोरेतो आउडीकडे गेला. 2000 ला ल मान्समध्ये तिसरा, 2001 च्या मार्चमध्ये अमेरिकेतली सेब्रिंगची 12 तासांची शर्यत कापेलो आणि आइएलो या जोडीदारांसोबत जिंकला. वय 44. या वयात असा ड्रायव्हर संघाला सोन्याच्या मोलाचा असतो, कारण तो गाडी फोडत नाही आणि परत आल्यावर तिच्याबद्दल नेमकं बोलतो.

25 एप्रिल 2001, लाउझिट्सरिंग. ल मान्सच्या तयारीसाठी आउडी आर8 ही शर्यतीची गाडी सरळ पट्ट्यावर चालवत होता. डाव्या मागच्या टायरमधली हवा गेली, गाडी हवेत उचलली गेली, कठड्यापलीकडे जाऊन उलटी पडली. तो तिथेच गेला. जूनमध्ये आउडीने ल मान्स जिंकली, पहिल्या दोन्ही जागा घेऊन. त्याच सप्टेंबरात याच ट्रॅकवर आणखी एका इटालियनाचे, आलेस्सांद्रो झानार्दीचे, दोन्ही पाय गेले. ट्रॅकला एक वर्षच झालं होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय. त्या दर्जाच्या माणसाला आधी काहीच कसं जाणवलं नसेल? यावर मी आमच्या ड्रायव्हरशी पुष्कळ बोलले. त्याचं म्हणणं, नरम टायर वळणावर बोलतो. गाडी कलली की मागचा कोपरा डुलतो, पाठीला कळतं, हातांना नंतर. सरळ पट्ट्यावर बाजूचा भार नसतोच, त्यामुळे कळायला काही उरत नाही. आणि टायरची खरी दमछाक तिथेच चालू असते: वेग सर्वांत जास्त, हवा कमी, म्हणून टायरच्या बाजूच्या भिंती जास्त वाकतात, म्हणून आणखी तापतात. शर्यतीच्या गाडीवर वरून दाबणाऱ्या हवेचा भारही असतो. मागचा कोपरा खचून तळाखाली हवा शिरली की पुढे ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. म्हणजे जिथे धोका सर्वांत मोठा, तिथेच माणूस सर्वांत बहिरा. आमचा ड्रायव्हर 2.55 ला "मस्त" म्हणाला तेव्हा तो खोटं बोलत नव्हता की बेफिकीरही नव्हता.

हे मी पुण्याच्या कॉलवर सांगायचा प्रयत्न केला. आमचे साहेब हुशार आहेत, पण त्यांना रिपोर्ट हिरवा लागतो.

"अगं, दिवा लागला का?"

"नाही सर, 20 टक्क्यांपर्यंत गेलंच नव्हतं."

"मग सिस्टिम पास. तू स्लॉट मध्येच थांबवलास, त्याचं कारण काय लिहायचं?"

"तापमानाच्या हिशेबाने हवा कमी होती."

"नियमात आहे का ते?"

नियमात नाही. तीही माणसं कमी नाहीत जी दिवा लागला तरी बघत नाहीत. माझा सख्खा मामा समृद्धी महामार्गावरून नागपूरला जातो. पिवळा दिवा महिनाभर चालू, म्हणे "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे." सिमेंटचा तापलेला रस्ता, तासन् तास एकाच वेगात सरळ रेषेत, गुळगुळीत झालेले टायर. 2020 पासून आपल्याकडे अशी सिस्टिम आणि पंक्चर किट असेल तर गाडीसोबत स्टेपनी देण्याचीही सक्ती नाही. म्हणजे सगळी भिस्त त्या दिव्यावर, आणि तो दिवा मामासाठी सजावट.

रिपोर्ट अजून उघडाच आहे. 'निरीक्षणे' या रकान्यात मी सहा ओळी लिहिल्या होत्या, साहेबांनी एक ठेवली, मी पुन्हा सहा केल्या. पुढच्या स्लॉटसाठी धातूच्या व्हॉल्व्हची चाकं मागवली आहेत. रबरी व्हॉल्व्हचं तेच चाक शेजारी लावून दोन्हींचे आकडे एकत्र घ्यायचे, असं ठरलंय. सॉफ्टवेअरवाल्यांनी तापमान धरून काढलेला आकडा दाखवायची तयारी दर्शवली आहे, फक्त चाचणीपुरती. तो माझ्या लॅपटॉपवर येणार होता. ड्रायव्हरने अट घातली की तो त्याच्यासमोर डॅशबोर्डवर असेल तरच तो गाडीत बसेल. त्या वायरिंगला मंजुरी मिळायची आहे.