गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कुलूपबंद टिपणे: दोन दिवसांचा वृत्तांत

पुण्याहून सकाळी निघालेली एसटी दुपारी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकात पोहोचली आणि तेथून कागलच्या गाडीने मी गोकुळ शिरगाव एमआयडीसी गाठली. एका फाउंड्रीत दोन दिवस बसून ओतकामाचे दर आणि नाकारलेल्या मालाची कारणे टिपायची होती. मला दिलेल्या संगणकावर तिन्ही पाळ्यांचे लोक एकाच लॉगिनने काम करत, पेनड्राइव्ह बंद होता आणि ॲडमिनचा पासवर्ड फक्त आयटी विभागाकडे होता. त्यामुळे टिपणे इतरांना वाचता येऊ नयेत म्हणून फाइललाच कुलूप लावणे भाग होते.

पहिला अर्धा दिवस त्यासाठी नवा प्रोग्रॅम बसवून घेण्याच्या विनवण्यांत गेला, आणि तो वाया गेला असेच मी म्हणेन, कारण त्या संगणकावर गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आधीपासून होते आणि विंडोजसाठीच्या गिटसोबत व्हिम हा मजकूर लिहिण्याचा, फाइलला कुलूप लावू शकणारा संपादक येतोच. आयटीच्या साहेबांकडून फाइल अशी कुलूपबंद करण्याची ईमेलवर लेखी परवानगी घेतली. पाठोपाठ येणाऱ्यांनीही ती आधी घ्यावी, कारण कारखान्याच्या संगणकावर न उघडणारी फाइल सापडली की संशय आपल्यावरच येतो.

व्हिममध्ये कोलन आणि कॅपिटल एक्स देऊन एंटर दाबले की किल्ली, म्हणजे फाइलचा पासवर्ड, दोनदा विचारली जाते. पुढे फाइल जतन केली की ती कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. त्याआधी ‘क्रिप्टमेथड’ ही कूटबद्ध करण्याची पद्धत ठरवणारी सेटिंग ब्लोफिश२ या पद्धतीवर ठेवावी. जुनी ‘झिप’ पद्धत कमकुवत आहे आणि व्हिमच्या २०१० च्या ७.३ आवृत्तीत आलेल्या पहिल्या ब्लोफिशच्या अंमलबजावणीत दोष होता. एक्सचाचा२० ही पद्धत आणखी चांगली, पण तिला लागणारी सोडियम लायब्ररी (जोड-प्रोग्रॅम) त्या संगणकावरील व्हिममध्ये नव्हती. निओव्हिम ही व्हिमपासून निघालेली वेगळी आवृत्ती वापरणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये, कारण त्यातून ही सोय काढून टाकलेली आहे.

खरा घोळ पुढेच झाला. ब्लोफिश२ मध्ये किल्ली चुकली तरी व्हिम तक्रार करत नाही, पडद्यावर निरर्थक अक्षरे दाखवतो. घाईत ती तशीच जतन केली तर मूळ मजकूर हातचा जातो. माझी सकाळची ३ पाने अशीच गेली. अक्षरे विचित्र दिसताच जतन न करता बाहेर पडावे. शिवाय काम चालू असताना व्हिम ठेवतो ती तात्पुरती स्वॅप फाइल कूटबद्ध असली तरी ‘व्हिमइन्फो’ ही मागील कामाची नोंद ठेवणारी फाइल तशी नसते आणि तिच्यात शोधलेले शब्द व कॉपी केलेल्या ओळी उघड्या राहतात, म्हणून ‘व्हिमइन्फो’ची सेटिंग रिकामी ठेवून ती बंद करावी. जुन्या साध्या फाइलची प्रतही मागे राहू देऊ नये.

आयटीची एकच अट होती, ती म्हणजे किल्ली कागदावर लिहून बंद पाकिटात व्यवस्थापकांच्या तिजोरीत ठेवायची. निघण्यापूर्वी त्या कागदावरूनच फाइल उघडून पाहिली, तर एक अक्षर चुकलेले निघाले. पाकीट फोडून नवे केले, आणि पुण्याची सहाची गाडी चुकली.