गुडघ्याची पिशवी

मला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. त्याचं नाव काढलं की लोकांना आधी दाढीचं ब्लेड आठवतं. फोंड्याला आमच्या शेजारच्या काकी तर मी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावलो की आदोळी, म्हणजे विळी, आडवी करून ठेवतात. माया म्हणून ठीक आहे. पण कातडीवरचं बारीकसं कापलेलं नीट दाबून धरलं की बहुतेकदा भागतं. खरा त्रास आतला. चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर जरा जास्त वेळ उभं राहावं, तर गुडघ्यात मुंग्या येतात, ऊब जाणवते आणि बघता बघता गुडघ्याची वाटी सुजेत बुडून जाते. सांध्यात रक्त साचतं ते असं, कुठेही थेंब न दिसता.

मग फॅक्टर 8, म्हणजे रक्त गोठायला लागणारा आणि माझ्यात कमी असलेला घटक, शिरेतून घ्यायचा, पाय उशीवर टाकायचा आणि वर बर्फ. हा बर्फ माझा जन्माचा वैरी. नुसता ठेवला तर घरंगळतो, रुमालात बांधला तर लुंगी भिजवतो, हाताने धरला तर पेपर कोण उलटणार? म्हणून माझा शोध: आईच्या जुन्या सुती साडीची दुपदरी पट्टी, मध्ये वाटीपुरतं भोक, दोन्ही बाजूंना कप्पे, मागे वेल्क्रो. भोक अशासाठी, की सूज किती उतरली ते न सोडता दिसावं. कप्प्यांत फ्रोझन मटार. ते गुडघ्याच्या वळणावर छान बसतात. 15-20 मिनिटं झाली की काढायचं. मटारांच्या पाकिटावर 'भाजीचे नव्हेत' अशी चिठ्ठी लावली आहे. फ्रीझरमध्ये बांगड्यांशेजारी त्यांना कशीबशी जागा मिळते. फॅक्टर मात्र खाली, 2 ते 8 अंशांत. गोठला की वाया गेला.

शिवून देणारा टेलर म्हणाला, "पेटंट घे मरे!" मी हिशेब मांडला. माझा प्रकार, हिमोफिलिया ए, साधारण 5000 मुलग्यांमागे एकाला. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार, त्यातले निम्मे पुरुष. म्हणजे गिऱ्हाइकं फार तर दीडशे, आणि पट्टी वर्षानुवर्षं टिकणारी. कसला धंदा होतो यात!

टेलरचं गणित निराळं. त्याच्याकडे जर्सी शिवायला येणाऱ्या फुटबॉलच्या पोरांनी माझी पट्टी पाहिली आणि ऑर्डरी सुरू झाल्या. परवा तो विचारत होता, गोलकीपरचा गुडघा मोठा, तर भोक वाढवू का? मी साफ नाही म्हटलं. भोक वाढलं की मटार सांध्यापासून लांब जाणार. गिऱ्हाईक म्हणजे देव, असं त्याचं म्हणणं. असेल, मग देवाची पट्टी लांबीला वाढव, भोकाला हात लावू नकोस.